कासवाचे कोन

करोल बागेतील आमच्या गच्चीवर हिवाळ्यात दुपारचे ऊन जेमतेम दोन तास टिकते. अशाच एका रविवारी त्या उन्हात आमच्या विद्वत्तेची परीक्षा झाली आणि आम्ही नापास झालो.

सहावीतील मुलांना 'कोडिंग'ची, म्हणजे संगणकास आज्ञा देण्याच्या विद्येची, ओळख करून द्यावी असे 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात आहे. त्यान्वये आमच्या कन्येस गृहपाठ मिळाला, आणि पर्यायाने आम्हांसही. भाषा होती 'लोगो'. 1967 साली सेमूर पॅपर्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत मुलांसाठी ती निर्माण केली. पडद्यावर एक कासव असते. 'पुढे 50, उजवीकडे 90' हे चार वेळा करावयास सांगितले की चौरस तयार! येथवर आम्ही मोठ्या डौलाने शिकविले.

मग कन्येने त्रिकोण मागितला. समभुज त्रिकोणाचा कोन 60 अंशांचा, हे पदवीधराने सांगावयाचे नाही तर कोणी? 'पुढे 50, उजवीकडे 60, तीन वेळा.' कासव तीन बाजू चालले आणि उघड्यावरच थांबले.

आम्ही आधी यंत्रास दोष दिला, मग शाळेस. आमच्या टिप्पणीत काही राहून गेले तर साहेब आशय ओळखून घेतात. कासव सांगितले तेवढेच करते.

"बाबा, तुम्हीच कासव व्हा ना," कन्या म्हणाली. पॅपर्टसाहेबांचा उपदेशही तोच! खडूने त्रिकोण आखून आम्ही चालू लागलो. शेजारच्या गच्चीवरील पंजाबी मंडळी मटार सोलायचे थांबवून पाहू लागली. पहिल्याच कोपऱ्यावर उमगले, की चालणारा आतल्या कोनाएवढा वळत नाही. नाकासमोरची दिशा सोडून तो वळतो 180 उणे 60, म्हणजे 120 अंश. असे तीनदा वळला की 360 अंशांची फेरी पुरी. चौरसात आतला नि बाहेरचा दोन्ही कोन 90 चेच, म्हणून आमचे अज्ञान तोवर झाकलेले राहिले.

आई स्वेटर विणीत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "अरे, चुकलं तर उसवायचं. त्यात लाजायचं काय?"

आम्ही 60 चे 120 करावयास सांगितले. त्रिकोण झाला. पण कन्येने ते पुसून पुन्हा 60 लिहिले, आणि तीनच्या जागी सहा. कासवाने मधमाश्यांच्या पोळ्यातल्या घरासारखा नेटका षट्कोन काढला.

"तुमचे 60 काही फुकट गेले नाहीत, बाबा," ती म्हणाली, "तीनदा कमी पडले, एवढंच."