वाळूवरचे पाहुणे

फोटो धूसर आला की आपण पहिला दोष कॅमेऱ्याला देतो. मग महागडी लेन्स घ्यायची टूम निघते. अलिबागजवळच्या आक्षीच्या किनाऱ्यावर पक्ष्यांचे फोटो काढू लागल्यापासून माझी मात्र खात्री पटली आहे, की इथे पैशापेक्षा धीर जास्त कामाला येतो.

ओहोटीला तिथे वाळूचे मोठे मैदान उघडे पडते. चिखल्या, तुतारी, कुरव असे पक्षी त्यावर चरत असतात. ते लांब दिसतात म्हणून हौशी मंडळी त्यांच्यामागे चालू लागतात. पक्षी उडतात, पुढे जाऊन बसतात. हाती येतात ती पाठमोरी, हललेली चित्रे.

त्यापेक्षा भरतीची वेळ पाहून आधीच जाऊन बसावे. पाणी चढू लागले की पक्षी आपणहून अलीकडे सरकतात. वाळूवर पालथे पडून कोपरे रोवली की कॅमेरा स्थिर राहतो, आणि पक्षीही कमी बुजतात. शटरचा वेग सेकंदाचा दोन हजारावा भाग ठेवावा, फोकस डोळ्यावर. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर सकाळी सूर्य पाठीशी असतो, तीच वेळ साधावी. उन्हे चढल्यावर तापलेल्या वाळूवरची हवा थरथरते. तिथे कोणत्याही लेन्सची मात्रा चालत नाही.

एका सकाळी एक चिखल्या माझ्यापासून जेमतेम पाच-सहा पावलांवर किडा उपसत होता. मी श्वास रोखून पडून होते. त्याच्या डोळ्यातली चमकही फोटोत उतरली. मला आनंद झाला तो त्याचा घास न मोडल्याचा.

कारण यांतले कित्येक पक्षी हिमालयापलीकडून, सैबेरियातून हजारो किलोमीटर उडून येतात. उन्हाळ्यात परतण्यापूर्वी त्यांना अंगावर चरबी साठवायची असते. ओहोटीचे थोडे तास त्यांच्या जेवणाचे, भरतीचे विश्रांतीचे. दर वेळी उडवले की त्यांची शिदोरी घटते.

सुस्पष्ट फोटोचा आणखी एक उपयोग आहे. १८८३ साली स्थापन झालेली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी पक्ष्यांच्या पायात क्रमांक असलेली कडी घालते. क्रमांक वाचता आला, तर त्या पक्ष्याच्या प्रवासाचा धागा हाती लागतो.

आक्षीपासून जवळच किहीम आहे. १९३० साली सालिम अलींनी तिथे सुगरणीच्या घरट्यांचा अभ्यास केला, तोही तासन् तास बसून. येत्या हिवाळ्यात मुलांना घेऊन किनाऱ्यावर जरूर जा. थव्यात धावत शिरू नका, एवढे मात्र त्यांना आधी सांगून ठेवा.