अंगात लिव्हरपूल

आमच्या साताऱ्याच्या कंपूत तो एकटाच युनायटेडवाला, बाकी सगळे लिव्हरपूलवाले. त्याला ल्युकेमिया झाल्याचं कळलं आणि आमची टिंगल एकदम बंद. उपचार सांगलीला. फोनवर जो तो "काळजी घे". शेवटी तोच वैतागला, "अरे, युनायटेड हरलं काल. शिव्या तरी घाला की!"

मला ब्रॅडली लोअरी आठवला. संडरलंडचा ५ वर्षांचा चाहता. २०१६ मध्ये त्याच्या उपचारांसाठी एव्हर्टननं, म्हणजे समोरच्या क्लबनं, २ लाख पौंड दिले. मॅचच्या पाचव्या मिनिटाला स्टेडियमभर टाळ्या. २०१७ मध्ये तो गेला. नुसत्या टाळ्यांनी कॅन्सर बरा होत नाही.

केमोनंतर प्लेटलेट्स मात्र लागतात, आणि काढलेल्या प्लेटलेट्स टिकतात जेमतेम ५ दिवस. सगळ्यांनी एकदम जाऊन उपयोग नाही. मग मॅचच्या असतात तशा तारखा लावल्या, कोणी कधी सांगली गाठायची. सुईला घाबरणारा मी तिसरा. तास-दीड तास मशीनला जोडलेला, डोळे गच्च मिटून.

संध्याकाळी त्याचा फोन. "माझ्या अंगात लिव्हरपूल सोडलंस होय रे? आता ह्यानंच मरणार मी!"

लई दिवसांनी दोघंही हसलो. मग मी त्याला मनसोक्त शिव्या घातल्या.

असो. पुढच्या आठवड्यात परत माझा नंबर आहे.