पाण्याखालचे कापेल केलिन

उत्तर वेल्समधले बाला गाव सोडून वायव्येच्या रस्त्याला लागले, की थोड्याच मैलांत डाव्या हाताला एक विस्तीर्ण जलाशय दिसू लागतो. पलीकडे आरेनिगचा 854 मीटर उंचीचा करडा डोंगर, उतारांवर नेचे आणि मेंढ्या. चित्रात काढावे असे दृश्य! जलाशयाचे नाव लिन केलिन. यातला पहिला ‘ल’ आपला नव्हे. जीभ ‘ल’च्या जागी टेकवून नुसती हवा सोडायची. मी रस्त्याकडेला उभा राहून पाचसहा वेळा प्रयत्न केला. चहा फुंकल्यासारखा आवाज निघाला, आणि जवळची एक मेंढी तेवढी दचकली.

या पाण्याच्या तळाशी कापेल केलिन नावाचे गाव आहे. गाव कसले, वाडीच म्हणा ना! एक शाळा, एक टपालकचेरी, प्रार्थनामंदिर, त्याची दफनभूमी आणि बाराएक घरे-शेतवाड्या. पण सारा व्यवहार वेल्श भाषेतून चाले. याच खोऱ्यातल्या एका शेतावर 17व्या शतकात क्वेकर पंथाचे लोक जमत. त्या मुलखातले कित्येक क्वेकर पुढे छळाला कंटाळून अमेरिकेत पेन्सिल्वेनियात गेले.

लिव्हरपूल शहराला पाणी हवे होते. त्याच शहरासाठी 1880च्या दशकात वेल्समधलेच लानुथिन हे गाव बुडाले होते, म्हणजे वाट पायाखालची होती. वेल्समधल्या स्थानिक संस्थांची संमती घेण्याच्या भानगडीत न पडता नगरपालिकेने विधेयक थेट पार्लमेंटात नेले. 1956च्या नोव्हेंबरात गावकरी मुलाबाळांसह लिव्हरपूलच्या रस्त्यांवरून फलक घेऊन फिरले. 1957 साली कायदा झाला. वेल्सच्या एकाही खासदाराने त्याच्या बाजूने मत दिले नव्हते! मुळशीची कथा ऐकत वाढलेल्या पुणेकराला हे सारे ओळखीचे वाटते. पण आपल्या एकाही माणसाचा होकार नसताना आपले खोरे जावे, हा हिशेब मला तरी पटत नाही.

1963 साली शाळा मिटली, आणि सप्टेंबरात मंदिरात शेवटची प्रार्थना झाली. काहींनी आपल्या माणसांच्या अस्थी उकरून दुसरीकडे नेल्या. बाकीची थडगी तिथेच राहिली. खोऱ्यातल्या 67 माणसांपैकी 48 जणांची घरे गेली. बालाहून जाणारा लोहमार्गही पाण्यात गेला. 21 ऑक्टोबर 1965 रोजी उद्घाटन झाले, तेव्हा निदर्शकांनी ध्वनिक्षेपकाच्या तारा तोडल्या, आणि समारंभ काही मिनिटांतच उरकावा लागला.

पुढच्याच वर्षी वेल्सच्या राष्ट्रीय पक्षाचा पहिला खासदार, ग्विन्व्हर एव्हान्स, निवडून आला. 1967 साली वेल्श भाषेचा कायदा झाला. त्यामागे कारणे आणखीही होती, पण या खोऱ्याचे नाव तेव्हा प्रत्येकाच्या तोंडी होते. अबेरिस्टविथजवळच्या एका पडक्या भिंतीवर कोणा तरुणाने रंगवलेले दोन शब्द आजही दिसतात: ‘कोव्युख द्रवेरिन’, म्हणजे ‘त्रवेरिनची आठवण ठेवा’. नदीचे नाव त्रवेरिन. क्रियापदामागून आले की ‘त’चा मृदू ‘द’ होतो. मराठीच्या मास्तराला असल्या संधींचा मोह! 2019 साली ती भिंत कुणी फोडली, तेव्हा लोकांनी ती पुन्हा बांधली, आणि तेच दोन शब्द वेल्सभर ठिकठिकाणी उमटले.

लिव्हरपूलच्या नगरपालिकेने 2005 साली क्षमा मागितली. धरणाच्या खाली, सोडलेल्या पाण्याच्या ओघात, तरुण मंडळी रबरी होड्या हाकतात. वर काठाशी एक लहानसे स्मारक-मंदिर आहे. उन्हाळा कडक गेला आणि पाणी फार ओसरले, की समोरच्या चिखलातून जुन्या बांधांच्या रेघा वर येतात.