मोटारसायकलीचें आकाशगामी भावंड

इंग्लंडांत बेडफर्डशायर परगण्यांत ओल्ड वॉर्डन म्हणून एक लहानसें खेडें आहे. आमच्या मोटारसायकल-मंडळाची एक दिवसाची सहल गेल्या उन्हाळ्यांत तेथें गेली, ती केवळ एका विमानाच्या दर्शनासाठीं. मंडळांत महाराष्ट्रीय असा मी एकटाच. माझी गाडी रॉयल एन्फील्ड. मूळची इंग्लंडची, पण आतां चेन्नईस तयार होणारी. तेव्हां 'तुम्हां दोघांत खरें इंग्लिश कोण?' ही थट्टा चहाच्या प्रत्येक मुक्कामावर व्हायचीच! बिगल्सवेड गांव मागें टाकल्यावर दाट कुंपणांमधून रस्ता वळत जातो, आणि एकाएकीं हिरव्या गवताचें मैदान पुढें येतें. हीच तेथील धांवपट्टी. शटलवर्थ संग्रहाचीं विमानघरें तिच्या कडेलाच आहेत.

ज्याच्यासाठीं आम्ही गेलों तें ब्लेरिओ विमान पाहून प्रथम हंसूंच येतें. लांकडाचा सांगाडा, तारांचे ताण, पंखांवर कापड; शेपटीकडील अंग तर उघडेंच. चाकें सायकलीचीं वाटावींत अशीं. तोल सांवरावयाचा झाला म्हणजे वैमानिकानें तारा ओढून आख्खा पंखच पिळावयाचा! पण लुई ब्लेरिओनें २५ जुलै १९०९ रोजीं इंग्लिश खाडी ओलांडली ती याच जातीच्या विमानांतून; आणि हें विमानही त्याच वर्षीं बांधलेलें.

आम्हां मोटारसायकलवाल्यांची दृष्टि मात्र एंजिनावर खिळली. पंख्याच्या काड्यांप्रमाणें पसरलेलीं तीन सिलिंडरें, वाऱ्यानें थंड होणारीं. शक्ति अवघी २५ अश्वांची. आज कॉलेजांत जाणारा मुलगा याहून जोरदार गाडी फिरवितो! याचा कर्ता अन्झानी हा इटालियन गृहस्थ. तो स्वतः सायकलींच्या नि मोटारसायकलींच्या शर्यतींत भाग घेई, आणि मोटारसायकलींचीं एंजिनें करतां करतांच विमानाकडे वळला. हें एंजिन चालूं असतां तेल बाहेर फेंकतें, तें वैमानिकाच्या अंगावर. आमच्यांतील एक आजोबा जुनी गाडी बाळगून आहेत; हें ऐकून त्यांना फारच आपलेपणा वाटला.

हें विमान अद्याप उडतें, हीच ओल्ड वॉर्डनची थोरवी. उडतें म्हणजे वारा अगदीं पडलेला असला तर जमिनीवरून थोडें उचलतें, सरळ जातें नि पुन्हां टेकतें. त्याहून अधिक ताण त्याला देत नाहींत. त्या दिवशीं वारा होता, म्हणून तें आंतच राहिलें, आणि त्यावरून मंडळींत चांगलाच वाद जुंपला. एकजण म्हणाले, 'अशी वस्तु कांचेआड ठेवावी. एकदां मोडली कीं गेली.' म्हणणें खोटें नाहीं. परंतु न चालविलेलें यंत्र गंजतें, आणि त्याहूनही लवकर तें चालविण्याची विद्या गंजते. पंख पिळून तोल कसा सांभाळावा, हें पुस्तकांतून कोण शिकणार?

या संग्रहाचा मूळपुरुष रिचर्ड शटलवर्थ याचा जन्मही १९०९ च्या जुलैंतलाच. मोटारींच्या शर्यतींत तो नांवाजलेला. १९३३ सालीं दिल्लीच्या व्हाइसरॉय-चषकाच्या शर्यतीसाठीं विमानानें हिंदुस्थानांत आला होता. आसामांतील सिलचरच्या एका मालकाचें 'स्कार्लेट एंजल' हें चिमुकलें विमान त्याच वर्षीं हिंदुस्थानांतून उडत इंग्लंडास गेलें. तेंही आज याच संग्रहांत आहे. हें ब्लेरिओ रिचर्डनें १९३५ सालीं मिळविलें. २ ऑगस्ट १९४० रोजीं हवाई दलाच्या सरावांत विमान कोसळून तो गेला. वय ३१, आईचा एकुलता एक. उडण्यानेंच पोर नेलें. हीं यंत्रें त्या माउलीनें दृष्टीआड केलीं असतीं, तर तिला दोष कोण देता? पण डॉरोथी शटलवर्थबाईंनीं १९४४ सालीं मुलाच्या स्मरणार्थ विश्वस्तनिधि स्थापिला, आणि त्याच्या छायेखालीं विमानें उडतीं राहिलीं.

निघतांना वारा किंचित् मंदावला. मंडळींनीं शिरस्त्राणें चढविलीं, तरी गाडी कोणी चालूं करीना. सर्वांच्या माना विमानघराकडे. शेवटीं तेथील कारागीर दाराशीं आला, आकाशाकडे पाहून त्यानें हात हालविला: आज नाहीं.