सुरंगी आणि ट्रान्सफॉर्मर

सावंतवाडीत मुलांना मराठी शिकवताना मला सगळ्यात जास्त छळलं ते निबंधांच्या सारखेपणानं. 'पावसाळ्यातील एक दिवस' लिहा म्हटलं की वर्गभर एकच पाऊस पडायचा. काळे ढग दाटून यायचे, मोर पिसारा फुलवायचा. आंबोलीचा पाऊस ज्यांच्या इतक्या जवळ कोसळतो, त्या मुलांनी गाइडातला पाऊस का लिहावा? मुद्द्यांवरून गोष्ट दिली तरी तेच. लाकूडतोड्या, नदी, कुऱ्हाड एवढं फळ्यावर आलं की गोष्ट आधीच संपलेली असते. मुलांनी फक्त मधल्या जागा भरायच्या.

जान्नी रोदारी या इटालियन बालसाहित्यिकाचं कल्पनाशक्तीच्या व्याकरणावरचं पुस्तक 1973 साली आलं. त्यात एक रीत आहे. एक मूल फळ्याच्या एका बाजूला शब्द लिहितं, दुसरं दुसऱ्या बाजूला, एकमेकांचा न बघता. 'घोडा' आणि 'कुत्रा' शेजारी आले तर फारसं काही घडत नाही, दोघं एकाच जातकुळीतले. 'कुत्रा' आणि 'कपाट' आले की मन खडबडून जागं होतं.

ही रीत मी इथल्या गंजिफाला जोडली. दशावतारी गंजिफात 120 गोल पत्ते, दहा अवतारांचे बारा-बारा. राजवाड्यात कारागीर ते रंगवताना मुलांनी पाहिलेले. आम्ही पुठ्ठ्याच्या तशाच गोल चकत्या कापल्या. लाल काठाच्या चकत्यांवर घरातले, परसातले, बाजारातले शब्द मुलांनीच लिहिले: कुळीथ, वायंगण, रवळी, सोलं, सुरंगी. हिरव्या काठाच्या चकत्यांवर लांबचे: उपग्रह, लिफ्ट, वकील, ट्रान्सफॉर्मर. पिसायच्या आणि दोन्हींतली एकेक उचलायची.

सातवीतल्या एका मुलीला 'सुरंगी' आणि 'ट्रान्सफॉर्मर' आले. ती चकत्यांकडे बघत राहिली आणि म्हणाली, "बाई, ह्येची गोष्ट कशी होतली?" मी म्हटलं, आधी प्रत्यय लावून बघ. सुरंगीचा ट्रान्सफॉर्मर, ट्रान्सफॉर्मरला सुरंगी, ट्रान्सफॉर्मरवर सुरंगी, सुरंगीशिवाय ट्रान्सफॉर्मर. एरवी विभक्ती म्हणजे पाठ करायचा तक्ता. इथे प्रत्येक प्रत्ययानं वेगळंच दार उघडलं. रोदारीही दोन शब्दांमध्ये असेच जोड लावून बघायला सांगतो. मराठीत तर त्यासाठी प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययांचं अख्खं कोठार भरलेलं आहे.

ती 'वर'पाशी थांबली. तिनं लिहिलेल्या गोष्टीतला बाप सुरंगीच्या झाडावर चढून कळ्या काढतो, कारण फुलं उमलायच्या आत ती उतरवावी लागतात. मुलगा मोठा होऊन वायरमन होतो आणि वादळानंतर खांबावर चढतो. आई आधी एकासाठी वर बघत उभी राहायची, आता दुसऱ्यासाठी. विजेचं सामान आणि गजऱ्याची फुलं यांच्यामधून त्या मुलीनं आईची मान आणि डोळे शोधून काढले. मी वहीवर गुण मांडलेच नाहीत. मांडावेसे वाटले नाहीत.

सगळ्यांचं असं जमलं नाही. 'सोलं' आणि 'उपग्रह' यांतून कोणीतरी अंतराळात सोलकढी पाठवली, एवढंच. पण तीसुद्धा त्याची स्वतःची होती.

एका पालकांनी विचारलं, यातून परीक्षेला काय मिळणार? मी त्यांना जत्रेतल्या दशावतारी नाटकाची आठवण करून दिली. त्याला लिहिलेली संहिता नसते. आख्यान ठरतं, कोण राजा आणि कोण राक्षस ते ठरतं, संवाद मात्र नट उभ्याउभ्या रचतात. समोर येईल त्याला जागच्या जागी शब्दांत पकडणं ही या मातीतली जुनी विद्या आहे. आपली मुलं रात्रभर जागून ती बघतात आणि सकाळी शाळेत येऊन गाइड उतरवतात, याचं मला मनापासून दुःख होतं.

ज्यांना हा खेळ करून बघायचा असेल त्यांना एवढंच सांगणं आहे. दोन्ही ढीग लांबच्या शब्दांचे करू नका. त्यातून नुसती गंमत निघते. एक शब्द मुलाच्या घरातलाच हवा, त्याच्या बोलीतला, शुद्धलेखनाची काळजी न करता लिहिलेला. तो तुम्ही सुचवू नका, त्यालाच मागा.