ऋषीची भाजी, भोगीची भाजी

गणेश चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी, भाद्रपद शुद्ध पंचमीला, म्हणजे ऋषिपंचमीला, घरोघर ऋषीची जी भाजी शिजते तिच्याकडे व्रताचा पडदा बाजूला सारून एकदा नीट पाहायला हवे. अळूची पाने आणि देठ, माठाचे जाड देठ, लाल भोपळा, पडवळ, शिराळे, भेंडी, सुरण, मक्याच्या कणसाचे तुकडे, मिळाल्या तर भुईमुगाच्या ओल्या शेंगा. बैलाच्या कष्टाचे त्या दिवशी खायचे नाही असा नेम, म्हणून परसात, कुंपणावर, मांडवावर जे आले तेवढेच घ्यायचे. पुष्कळ घरांत या भाजीला फोडणीही नसते. देठ सोलून, सुरणाच्या फोडी चिंचेच्या कोळात घोळवून आधी पातेल्यात पडतात, कारण त्यांना शिजायला वेळ लागतो. मग कणसे, भोपळा, पडवळ, आणि सगळ्यांत शेवटी पाला. अळू-सुरणात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, त्यांनी घसा खवखवतो; चिंच आणि निवांत शिजवणे या दोहोंनी ती खाज जाते. भोपळा विरघळून रसाला दाटपणा आणतो, मीठ आणि हिरव्या मिरच्या चव आणतात, आणि उतरवताना मूठभर ओले खोबरे पडते. मैदा नाही, साखर नाही, तेलाचा थेंब नाही. आज शहरांतले आहारतज्ज्ञ ज्याला दाहशामक आहार म्हणतात, म्हणजे फारशी प्रक्रिया न केलेल्या वनस्पतींचा, रंगीबेरंगी आणि चोथ्यासकट खाल्लेला आहार, त्याच्या चौकटीत ही भाजी जशीच्या तशी बसते. माझे म्हणणे असे, की तिचा गुण तिच्यातल्या कोणत्याही एका जिनसेत नाही. तो त्यांच्या एकत्र येण्यात आहे, आणि दर ऋतूला ही जमात बदलते यात आहे.

दाह म्हणजे इथे जखम लाल होऊन सुजते तो नव्हे. तो हवाच, त्याच्यावाचून जखम भरत नाही. काळजी आहे ती वर्षानुवर्षे आत धुमसत राहणाऱ्या मंद दाहाची. रक्तातले सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन हे दाहदर्शक प्रथिन थोडेसे चढलेले असते, माणसाला काही जाणवत नाही, आणि मधुमेह व हृदयविकार यांची वाट तयार होत जाते. पोटात साठलेली चरबी या दाहाला खतपाणी घालते. आपण तसे सडपातळ, आपल्याला काय भीती, असे म्हणणाऱ्यांनी पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचे छायाचित्र पाहावे. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने २००४ साली ते जॉन युडकिन या ब्रिटिश सहकाऱ्याच्या शेजारी छापले होते. उंची-वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३, शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. बारीक दिसणाऱ्या देहात एवढी चरबी दडलेली असू शकते. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या सर्वेक्षणाने २०२३ मध्ये देशातल्या मधुमेहींची संख्या १०.१ कोटी सांगितली. म्हणजे ताटात काय पडते हा चोचल्यांचा प्रश्न उरलेला नाही.

या भीतीवर बाजाराने काढलेले उत्तर म्हणजे एक जिन्नस निवडायचा, त्याचा अर्क काढायचा आणि कुपीत भरायचा. हळद हे त्याचे ठळक उदाहरण. हळदीत कर्क्युमिन साधारण तीन टक्के असते आणि ते आतड्यातून रक्तात फारच थोडे उतरते. बंगळूरच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातल्या संशोधकांनी १९९८ मध्ये माणसांना दोन ग्रॅम कर्क्युमिन दिले, तेव्हा रक्तात ते जेमतेम सापडले. सोबत मिऱ्यातले वीस मिलिग्रॅम पिपरिन देताच त्याची उपलब्धता वीस पटींनी वाढली. या प्रयोगाचा दाखला देऊन गोळ्या विकल्या जातात. पण दोन ग्रॅम कर्क्युमिन मिळवायचे तर सत्तरेक ग्रॅम हळद लागेल, आणि तेवढी हळद कोणत्याही आमटीत पडत नाही. मग आमटीतली चिमूटभर हळद व्यर्थ का? मला तसे वाटत नाही. साउथ कॅरोलायना विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ साली आहाराचा दाहनिर्देशांक नव्याने मांडला. त्यात पंचेचाळीस अन्नघटक तोलले. दाह कमी करणाऱ्यांत हळद अगदी वर आहे, आणि तिच्या जवळच कोण बसले आहे? साधा चोथा, म्हणजे तंतू. त्याखाली लसूण, आले, कांदा, मिरे, बीटा-कॅरोटीन, मॅग्नेशियम अशी रांग लागते. गुण मिळतो तो सगळ्यांच्या बेरजेला. पातेल्यात ही बेरीज आपोआप होते. कुपीत एकच आकडा राहतो.

तंतूंचे महत्त्व कळायला आतड्यात डोकवावे लागते. आपल्याला न पचणारा चोथा मोठ्या आतड्यातले जिवाणू खातात आणि ब्यूटिरेटसारखी आम्ले तयार करतात. त्यांवर आतड्याचे अस्तर पोसले जाते आणि दाह आवरला जातो. मात्र सगळे जिवाणू सगळा चोथा खात नाहीत. कडधान्याचा तंतू वेगळा, देठांचा वेगळा, सुरण-बटाट्याच्या पिठाचा वेगळा. म्हणून वर्षभर गहू, भात, बटाटा आणि फ्लॉवर एवढ्यावर जगणाऱ्या घरात भाजी रोज असूनही आतडे उपाशीच राहते. जुने पंचांग ही उणीव नकळत भरून काढत होते. संक्रांतीच्या आदल्या दिवसाची भोगीची भाजी पाहा: हरभऱ्याचे सोलाणे, पावट्याचे दाणे, घेवडा, वांगी, गाजर, बोरे, उसाचे करवे, ओले शेंगदाणे, आणि वरून तिळाचा कूट, सोबत तीळ लावलेली बाजरीची भाकरी. भाद्रपदातल्या पातेल्यातले यात जवळजवळ काहीच नाही. तिथे पाणीदार वेलभाज्या आणि देठ होते, इथे दाणे आणि बिया आहेत. वैशाखात दोन्ही जमाती पांगतात आणि आमसुलाचे सार, रात्रभर आंबवलेली नाचणीची आंबील, घोळीची भाजी यांची पाळी येते. ही घोळ बांधावर कोणी न पेरता उगवते, आणि पालेभाज्यांत विरळा असलेले ओमेगा-३ गटातले स्निग्धाम्ल तिच्यात भरपूर असते. तेच जवसात असते. पण जवस अख्खे गिळले तर तसेच बाहेर पडते. भाजून, लसूण-मिरची घालून कुटलेल्या चटणीतच ते अंगी लागते, आणि विदर्भ-मराठवाड्यात ही चटणी भाकरीबरोबर रोजची.

तेलाला एवढी नावे ठेवण्याचे कारण नाही, शिवाय स्निग्धाशिवाय भोपळा-गाजरातले कॅरोटीन नीट शोषले जात नाही, असे कोणी म्हणेल. बरोबर आहे. म्हणूनच ऋषीच्या भाजीत खोबरे आहे आणि भोगीच्या भाजीत तीळ-शेंगदाणे. स्निग्ध पदार्थ आहे, पण तो आपल्या चोथ्यासकट येतो. त्यापेक्षा कठीण आक्षेप स्टॅनफर्डच्या २०२१ मधल्या प्रयोगाचा आहे. छत्तीस निरोगी माणसांना दहा आठवडे एकतर भरपूर तंतू किंवा भरपूर आंबवलेले पदार्थ दिले. आंबवलेले खाणाऱ्यांच्या रक्तातली दाहदर्शक प्रथिने घटली. तंतू खाणाऱ्यांची सरसकट घटली नाहीत. याने माझा मुद्दा पडतो का? तंतू खाणाऱ्यांच्या गटात ज्यांच्या आतड्यात मुळातच जिवाणूंची विविधता जास्त होती, त्यांचा दाह उतरला होता. म्हणजे आयुष्यभर एकसुरी खाऊन अचानक दहा आठवडे चोथा कोंबल्याने काम भागत नाही. आधी खाणारे जिवाणू हवेत. बारा महिने फिरत्या ताटाची बाजू मला यात दिसते, आणि उन्हाळ्यातल्या आंबिलीचीही.

ज्या याज्ञिकांचा दाखला वर दिला, त्यांच्याच कामातून दुसरा इशाराही मिळतो. पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर स्त्रियांचा त्यांनी आणि सहकाऱ्यांनी अभ्यास केला. पालेभाज्या, फळे आणि दूध घेणाऱ्या मातांची बाळे चांगल्या वजनाची होती. पण अभ्यासातल्या बहुतेक मातांत ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता आढळली. वनस्पतीत ब-१२ नसते. निव्वळ वनस्पतींवर राहायचे ठरवणाऱ्याने त्याची गोळी घ्यावी. ती टाळण्यासाठी परंपरेचा आधार शोधू नये. परंपरेतले सगळे उचलायचे कारणही नाही. ऋषिपंचमीच्या व्रतामागे स्त्रियांच्या मासिक पाळीला दोष मानणारी कथा आहे. ती कथा टाकून द्यावी असे मला ठामपणे वाटते. अळू-भोपळ्याचा त्यात काही अपराध नाही. त्यांना पुरुषांच्याही ताटात, कोणत्याही मंगळवारी वाढता येते.

आता सगळे बारा महिने मिळते, मग ऋतू कशाला पाळायचा, हा प्रश्न उरतो. बारा महिने मिळते ते मोजकेच असते, हे त्याचे उत्तर. मंडईत वर्षभर दिसणारा टोमॅटो आणि कोबी पावट्याच्या आणि घेवड्याच्या कितीतरी गावठी जाती बाहेर ढकलूनच आला आहे. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी असल्या वाणांचे बी घरात जपले, त्यासाठी २०२० साली त्यांना पद्मश्री मिळाली. ते बी टिकायचे तर दाणे कोणीतरी विकत घेऊन शिजवायला हवेत. आणि इथेच सर्वांत खरी अडचण येते: सोलाणे सोलायला, माठाचे देठ तासायला, अळूच्या शिरा काढायला वेळ जातो, आणि तो आजवर एकट्या बाईचा गेला. ही भाजी सणापुरती उरली याचे मोठे कारण हेच असावे. सोलाण्यांचा ढीग जेवणाऱ्या सगळ्यांनी मिळून रात्रीच सोलून ठेवला, तर सकाळी पातेले चढवायला अर्धा तास पुरतो.