वाफेचं पाणी

पाणी उकळून प्यायलं की झालं, ही आपली पिढीजात श्रद्धा. टायफॉईड-काविळीच्या जंतूंपुरती ती खरीही आहे. पण यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या आत्याच्या गावात तेवढ्यानं भागत नाही. तिथल्या बोअरच्या पाण्यात फ्लोराइड आहे, लिटरमागे १.५ मिलिग्रॅम या मर्यादेपेक्षा जास्त. आत्याच्या दातांवरचे तपकिरी पट्टे त्याचेच. "आमी तं उकयूनच पेतो बाप्पा," असं ती म्हणते. पण उकळताना उडून जातं ते पाणी, फ्लोराइड भांड्यातच राहतं. म्हणजे पाणी जितकं आटवाल तितकं त्याचं प्रमाण वाढणार! तिची नात चार वर्षांची आहे. कायमचे दात हिरडीच्या आत घडत असतात ते याच वयात.

मग मला शाळेतलं ऊर्ध्वपातन आठवलं. क्षार खाली ठेवून वाफ तेवढी वर जाते, ती थंड करून धरायची. एका रविवारी घरीच करून पाहिलं. मोठ्या पातेल्यात पाणी, मधे उंच स्टँडवर रिकामा वाडगा, वर उलटं झाकण आणि झाकणावर बर्फ. वाफेचे थेंब झाकणाच्या मुठीवरून टपटप वाडग्यात पडतात. दोन तासांनी जेमतेम दोन पेले पाणी मिळालं. चव अगदी सपक, पण स्वच्छ.

मग हिशेब मांडला. साधं पाणी उकळीला यायला जेवढी उष्णता लागते, त्याच्या साधारण सातपट त्याची पूर्ण वाफ व्हायला लागते. निम्मी आच वाया जाते असं धरलं, तर १४.२ किलोच्या सिलिंडरमधून सव्वाशे लिटर पाणी निघेल. आत्याच्या घरी ते दोन आठवडेसुद्धा पुरायचं नाही. आरओ फिल्टर हे काम करतो, पण त्याला वीज हवी, वेळेवर दुरुस्ती हवी आणि बरंचसं पाणी सोडून द्यावं लागतं.

आणि हेच काम दरवर्षी सूर्य फुकटात करून देतो की! समुद्राची वाफ होते, मीठ खाली राहतं, पाऊस आपल्या पत्र्यावर येऊन पडतो. एका चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. नातीला प्यायला रोज दीड लिटर धरलं, तर कोरड्या आठ महिन्यांना ३६० लिटर लागतील. म्हणजे २०० लिटरचे दोन ड्रम! पहिल्या सरींचं पाणी सोडून द्यायचं, मग गाळून, झाकून, अंधारात ठेवायचं. आणि प्यायच्या आधी उकळायचं. इथे मात्र आत्याची सवय अगदी बरोबर कामी येते.

तर जूनच्या आधी दोन ड्रम घेऊन गावी जायचा बेत आहे. तुमच्यापैकी कुणी असं आठ महिने पाणी टिकवलं असेल, तर काय काळजी घेतलीत ते जरूर कळवा.